सूज आहे, मग सूज उतरायची गोळी का नाही?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला मामाचा फोन आला. मामा नऊला झोपणारा माणूस, त्यामुळे फोन उचलतानाच पोटात गोळा आला. माझा मामेभाऊ, वय २१, दवाखान्यात होता. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे मैदानावर १६०० मीटरचा सराव. मध्ये आठवडाभर ताप-खोकला झाला, पण "एक दिवस चुकला की दम मोडतो" म्हणून तापातही पळत राहिला. मग एका संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. ईसीजी पाहून आधी हार्ट अटॅकच वाटला. रक्तात ट्रोपोनिनही वाढलेलं. अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या एकदम स्वच्छ. डॉक्टरांनी निदान सांगितलं, मायोकार्डायटिस. हृदयाच्या स्नायूचा दाह.

मामाने मला एकच प्रश्न विचारला. "अगं, तू हृदयावरच पीएचडी करतीयेस ना? मग सांग की. हृदयाला सूज आलीय म्हणतात, मग सूज उतरायची गोळी का देत नाहीत? आपल्या गावात गुडघा सुजला तरी स्टेरॉइडचं इंजेक्शन मारतात."

खरं सांगते, मला धड उत्तर देता आलं नाही. मी उंदरांच्या हृदयातल्या टी पेशींवर काम करते. रोज स्लाइड बघते, पेशी मोजते. पण "का नाही?" याचं उत्तर एका वाक्यात मावत नव्हतं, कारण त्या उत्तराला जवळजवळ अडीचशे वर्षं लागलेली आहेत. त्या रात्री मामाला जे सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगते. (एक गोष्ट आधीच: मी एमएस्सीवाली आहे, डॉक्टर नाही. हे वाचून कुणी स्वतःची किंवा घरच्यांची औषधं ठरवू नका.)

नाव आधी, दर्शन नंतर

हृदयालाही दाह होऊ शकतो, हे १७४९ साली फ्रान्सच्या जाँ-बातिस्त द सेनाक या वैद्याने हृदयावरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं. १८०६ मध्ये नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिझार याने आपल्या पुस्तकात त्याला 'कार्डायटिस' म्हटलं. 'मायोकार्डायटिस' हा नेमका शब्द आला १८३७ मध्ये, सोबर्नहाइम नावाच्या जर्मन डॉक्टरकडून. मायो म्हणजे स्नायू, कार्डिया म्हणजे हृदय, आयटिस म्हणजे दाह.

आता गंमत बघा. शब्द तयार झाला, पण जिवंत माणसाच्या हृदयात तो दाह बघायची सोयच नव्हती. ईसीजी नाही, एक्स-रे नाही. जे काही दिसायचं ते शवविच्छेदनात. आणि ज्या शब्दाचा पुरावा मागता येत नाही, तो शब्द पसरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हाताऱ्या माणसाचं हृदय थकलं की 'क्रॉनिक मायोकार्डायटिस' लिहायची डॉक्टरांना सवयच लागली. मृत्यूच्या दाखल्यांवर हेच. त्यातल्या कितीतरी लोकांना खरं तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी कोरोनरी रक्तवाहिनीत गुठळी होऊनही माणूस काही काळ जगू शकतो आणि जिवंतपणी त्याचं निदान करता येतं, हे मांडलं. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण एकाच पेटीत भलतंसलतं कोंबत होतो. मग लंबक उलटा गेला आणि काही वर्षं हे निदान करायलाच डॉक्टर बिचकायला लागले.

या सगळ्या गोंधळात एक माणूस मात्र नेमकं बोलून गेला होता. ड्रेस्डेनचे आल्फ्रेड फीडलर. १८९९ मध्ये त्यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांच्या हृदयात पेशींच्या मधल्या जागेत भयंकर दाह होता, पण घटसर्प वगैरे कुठलंच ओळखीचं कारण सापडत नव्हतं. त्यांनी अंदाज बांधला की डोळ्यांना न दिसणारा कुणी सूक्ष्मजीव यामागे असणार. 'विषाणू' ही कल्पना तेव्हा नुकतीच जन्माला येत होती, हे लक्षात घ्या.

हडसनकाठचं एक गाव

फीडलर यांचा अदृश्य जीव सापडायला आणखी अर्धं शतक गेलं, आणि तोही हृदय शोधताना सापडला नाही. सापडला पोलिओ शोधताना.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी कॉक्सॅकी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मुलांना पोलिओसारखा लुळेपणा आला होता. गिल्बर्ट डालडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी त्या मुलांच्या शौचाचे नमुने नुकत्याच जन्मलेल्या, अंगावर पिणाऱ्या उंदरांच्या पिल्लांना टोचले. मोठ्या उंदरांना काही होत नव्हतं, पिल्लं मात्र आजारी पडली. १९४८ मध्ये त्यांनी हा नवा विषाणू जाहीर केला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. कॉक्सॅकी विषाणू. पोलिओच्याच कुळातला, तसाच पोटातून शिरणारा. त्याचे पुढे दोन गट केले, ए आणि बी.

बी गटाचा हृदयाशी असलेला संबंध फार दुःखद पद्धतीने समोर आला. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या एका प्रसूतिगृहात नवजात बाळं एकापाठोपाठ आजारी पडली. हृदय निकामी होऊन काही दगावली. तपासात कॉक्सॅकी बी विषाणू हाती लागला, आणि १९५६ मध्ये हा अहवाल छापून आला.

आज आपल्याला माहीत आहे की कारणांची यादी लांब आहे. कॉक्सॅकी, पार्व्हो, फ्लू, कोरोना असे विषाणू. घटसर्पाचं विष. ब्राझीलमध्ये १९०९ साली कार्लोस शागास यांनी शोधलेला, ढेकणासारख्या किड्यातून पसरणारा परजीवी. कॅन्सरची काही नवी इम्युनोथेरपीची औषधं. (तुमच्यातले काही जण विचारणारच म्हणून लिहिते: २०२१ मध्ये एमआरएनए लशींनंतर, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, तरुण मुलग्यांमध्ये मायोकार्डायटिसच्या तुरळक केसेस दिसल्या आणि त्यातल्या बहुतेक सौम्य होत्या. भारतात बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या त्या तंत्राच्या लशी नाहीत. आणि कोरोनाच्या संसर्गानेही मायोकार्डायटिस होतो.) पण आपल्या गोष्टीचा धागा कॉक्सॅकीतूनच पुढे जातो, कारण प्रयोगशाळेत उंदरांना तो देता येतो आणि दिवसागणिक काय होतं ते बघता येतं.

मारतंय कोण?

इथे माझ्या आवडीचे दोन प्रयोग येतात. दोन्ही उंदरांवरचे, दोन्ही कॉक्सॅकीचे, आणि उत्तरं एकदम उलट.

पहिला १९५६ चा. एडविन किलबोर्न आणि सहकाऱ्यांनी मोठ्या उंदरांना कॉक्सॅकी विषाणू दिला आणि सोबत कॉर्टिझोन, म्हणजे स्टेरॉइड दिलं. एरवी हे मोठे उंदीर विषाणू पचवायचे. स्टेरॉइड दिल्यावर मात्र त्यांच्या हृदयावर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे डाग पडले. प्रतिकारशक्ती दाबली, आणि विषाणूला रान मोकळं मिळालं.

दुसरा १९७४ चा. वुडरफ आणि वुडरफ या जोडीने उंदरांमधल्या टी पेशी आधीच कमी करून टाकल्या आणि मग कॉक्सॅकी बी३ दिला. टी पेशी म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीचे नेमबाज. किलबोर्नच्या हिशेबाने हे उंदीर पटापट मरायला हवे होते. पण त्यांच्या हृदयाला उलट कमी इजा झाली. म्हणजे नासधूस एकटा विषाणू करत नव्हता, त्याला मारायला आलेल्या पेशीही करत होत्या.

पुढे १९८७ मध्ये नोएल रोज यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटाने आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी विषाणू दिलाच नाही. हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन विशिष्ट जातीच्या उंदरांना टोचून त्यांची प्रतिकारशक्ती त्याविरुद्ध चेतवली, आणि तेवढ्यावर मायोकार्डायटिस झाला. म्हणजे एकदा का शरीर स्वतःच्याच हृदयाला परकं समजायला लागलं, की विषाणूची गरजच उरत नाही.

मग खरं काय? दोन्ही. फक्त वेळ वेगवेगळी. असं समजा की घराला आग लागली आहे आणि बंब आला आहे. पहिले काही दिवस आग खरी असते. विषाणू स्नायूच्या पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडतो. तेव्हा पाणी हवंच. पुढच्या काही आठवड्यांत आग बहुतेक विझलेली असते, पण एखाद्या घरात बंबवाले पाइप बंदच करत नाहीत आणि पाण्यानेच भिंती खचायला लागतात. आणि शेवटी, काही महिन्यांनी, आग नाही, पाणीही नाही, पण घर वाकलेलं. हृदयाचा स्नायू ताणून पातळ झालेला, मध्ये व्रण. हृदयाच्या पेशी नव्याने जवळजवळ तयार होत नाहीत, त्यामुळे ही पडझड पूर्ण भरून येईलच असं नाही.

आता मामाचा प्रश्न पुन्हा ऐका. स्टेरॉइड म्हणजे बंब परत पाठवणं. आग विझल्यावर पाठवला तर घर वाचेल. आग पेटलेली असताना पाठवला तर?

शितावरून भाताची परीक्षा

म्हणजे आत नेमकं काय चाललंय हे बघता यायला हवं. १९६२ मध्ये जपानमध्ये साकाकिबारा आणि कोन्नो यांनी शिरेतून हृदयात बारीक चिमटा नेऊन स्नायूचा कण काढायची पद्धत दाखवली. १९७३ मध्ये स्टॅनफर्डला फिलिप केव्हज यांनी ती सोपी केली, मानेच्या शिरेतून. त्यांचा हेतू वेगळा होता. हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचं शरीर नवं हृदय नाकारतंय का, हे त्यांना पाहायचं होतं.

पण इथे एक साम्य डोळ्यांत भरलं. नाकारलेल्या हृदयाचा काप आणि मायोकार्डायटिसचा काप मायक्रोस्कोपखाली बरेच सारखे दिसतात. स्नायूच्या पेशींमध्ये घुसलेले निळे-जांभळे लिम्फोसाइट, आजूबाजूला मोडलेल्या पेशी. प्रत्यारोपणात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालतात, मग इथेही चालतील, असं वाटणं अगदी साहजिक होतं. मोजक्या रुग्णांना दिली, काही सुधारले. आशा वाढली.

अडचण अशी की प्रत्येक पॅथॉलॉजिस्टचा मायोकार्डायटिस वेगळा. म्हणून १९८०च्या दशकात आठ पॅथॉलॉजिस्टनी मिळून व्याख्या ठरवली. ती डॅलस शहराच्या नावाने ओळखली जाते. दाहाच्या पेशी हव्यात आणि शेजारच्या स्नायूपेशींना इजाही हवी, दोन्ही असेल तरच मायोकार्डायटिस म्हणायचं.

व्याख्या सुबक होती, पण दोन गोष्टींनी घात केला. एक, तेच काप वेगवेगळ्या तज्ज्ञांना दाखवले की मतं फुटायची. दोन, दाह हृदयभर सारखा नसतो, ठिकठिकाणी असतो. शितावरून भाताची परीक्षा भातात चालते, कारण पातेल्यात सगळीकडे आच सारखी लागते. हृदयात नाही. ज्यांचा मृत्यू मायोकार्डायटिसनेच झाला होता, अशा हृदयांतून तुकडे काढून पाहिले, तरी एका तुकड्यात बहुतेक वेळा दाह सापडलाच नाही. हे मी स्वतः भोगलं आहे. माझ्या पहिल्या वर्षी एका उंदराचे सहा काप पाहून मी "दाह नाही" असं वहीत लिहिलं होतं. सातव्या कापात तो लख्ख समोर होता.

१११ रुग्ण

शेवटी अमेरिकेत मोठी चाचणी झाली. मायोकार्डायटिस ट्रीटमेंट ट्रायल, प्रमुख जे मेसन. दोन हजारांहून जास्त रुग्ण चाळले, बायोप्सीत दाह सापडला साधारण दहा टक्क्यांमध्ये, आणि अखेर १११ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत वाटलं. एका बाजूला नेहमीचे उपचार, दुसऱ्या बाजूला त्यावर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध.

निकाल १९९५ मध्ये आला. फरक नाही. हृदयाची पंपिंग क्षमता सरासरी २५ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर गेली, पण दोन्ही गटांत सारखीच. एका वर्षात साधारण २० टक्के रुग्ण गेले, तेही दोन्हीकडे सारखेच.

या निकालाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो आणि दोन्हीत शहाणपण आहे. पहिला म्हणजे स्टेरॉइड उगाच देऊ नका, पुष्कळ जण आपोआप सुधारतात. हा धडा डॉक्टरांनी घेतला आणि मामेभावाला गोळी मिळाली नाही त्याची मुळं इथे आहेत. दुसरा अर्थ जरा आत शिरून पाहिला की दिसतो. चाचणीत हृदय कमजोर होऊन दोन वर्षांपर्यंत झालेले रुग्ण घेतले होते. म्हणजे कुणाची आग पेटलेली, कुणाचा पाइप सुरू, कुणाचं घर कधीच वाकलेलं. आत विषाणू आहे की नाही, हे पाहिलेलंच नव्हतं. काहींना औषधाने फायदा आणि काहींना तोटा झाला असेल, तर बेरीज शून्यच दिसणार.

तेच औषध, वेगळा प्रश्न

हे तपासायला पीसीआर यावं लागलं. (हो, कोरोनात आपण नाकातून द्यायचो तेच तंत्र.) बायोप्सीच्या तुकड्यात विषाणूचा जनुकीय अंश आहे का, ते आता कळू लागलं. रोममध्ये आंद्रेआ फ्रुस्ताची यांच्या गटाने ८५ रुग्ण निवडले. सगळ्यांचं हृदय सहा महिन्यांहून जास्त काळ कमजोर, बायोप्सीत दाह आहे, आणि पीसीआरमध्ये विषाणू नाही. म्हणजे आग विझलेली, पाइप सुरू. यांना सहा महिने स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन किंवा नुसती प्लासिबो गोळी दिली.

२००९ चा निकाल: औषधाच्या गटात ४३ पैकी ३८ जणांचं हृदय सुधारलं. प्लासिबोच्या गटात एकाचंही नाही. चाचणी एकाच केंद्रातली आणि छोटी होती, त्यामुळे तिच्यावर सगळं जग चालत नाही. पण १९९५ मध्ये नापास झालेलंच औषध इथे पास झालं. औषध बदललं नव्हतं. कुणाला द्यायचं, हा प्रश्न नीट विचारला गेला होता.

उलट टोकाचंही सांगते, म्हणजे "स्टेरॉइड वाईट" असा समज नको. जायंट सेल मायोकार्डायटिस नावाचा एक दुर्मीळ प्रकार आहे. १९९७ मध्ये लेस्ली कूपर आणि सहकाऱ्यांनी जगभरातून त्याचे ६३ रुग्ण गोळा केले. ज्यांची प्रतिकारशक्ती दाबली नव्हती, त्यांना मृत्यू किंवा प्रत्यारोपणाआधी साधारण ३ महिने मिळाले होते. स्टेरॉइडसोबत दाबणारी इतर औषधं मिळालेल्यांना साधारण १२ महिने. तिथे वाट पाहत बसणं महागात पडतं. कॅन्सरच्या इम्युनोथेरपीमुळे झालेल्या मायोकार्डायटिसमध्येही स्टेरॉइड लगेच सुरू करतात. म्हणूनच रुग्ण झपाट्याने ढासळत असेल, ठोके बिघडत असतील, तर डॉक्टर बायोप्सीचा धोका पत्करतात. स्थिर असेल तर एमआरआयवर भागवतात. त्याचे निकष २००९ मध्ये लेक लुईसच्या नावाने आले. एमआरआयला स्नायूतलं पाणी आणि व्रण दिसतात. तिथे कोणत्या पेशी बसल्या आहेत, हे मात्र त्याला दिसत नाही.

पोहणारे उंदीर

मामेभावाचा एमआरआय झाला, थोडी सूज दिसली. पंपिंग किंचित कमी होतं, पण तो स्थिर होता. निरीक्षण, हृदयाला आधार देणारी औषधं आणि विश्रांती. सहा दिवसांनी घरी सोडलं. सोडताना सांगितलं, पुढच्या तपासण्या होईपर्यंत काही महिने पळायचं नाही. यावर मात्र मामापेक्षा तोच जास्त चिडला. त्या वेळची मैदानी चाचणी हातातून जाणार होती.

त्याला मी शेवटचा प्रयोग सांगितला, आणि तो तुमच्यासाठीही आहे. १९७० मध्ये गॅटमायटन, चेसन आणि लर्नर यांनी कॉक्सॅकी दिलेल्या उंदरांना रोज पाण्यात पोहायला लावलं. आराम करणाऱ्या उंदरांच्या मानाने पोहणाऱ्यांच्या हृदयात विषाणू शेकडो पटींनी जास्त वाढला, आणि मेलेही जास्त. माणूस म्हणजे उंदीर नाही, पण या धोक्यामुळेच मायोकार्डायटिसनंतर खेळाडूंना साधारण ३ ते ६ महिने मैदानापासून लांब ठेवून, तपासण्या करून मगच परत पाठवायची पद्धत पडली.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, म्हणजे मी तापात पोहणारा उंदीर होतो?" मी म्हटलं, पळणारा.

सहा महिन्यांनी त्याचं पंपिंग नॉर्मल आलं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली. आता तो पुन्हा पहाटे मैदानावर जातो, पण अंगात ताप असला की बूट घालत नाही. तुम्हीही घालू नका. आणि तापानंतरच्या दिवसांत छातीत दुखलं, दम लागला, धडधडलं किंवा चक्कर आली, तर "अशक्तपणा असेल" म्हणून घरी बसू नका, ईसीजी काढून घ्या.

मामाला मी हे सगळं गेल्या दिवाळीत ओसरीवर बसून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे गोळी चांगली का वाईट हे विचारायचंच नाही. आत्ता आत काय चाललंय ते आधी विचारायचं." माझ्या प्रबंधाची प्रस्तावना मी अजून लिहितेय. पहिलं वाक्य बहुतेक तेच असेल.